बिंदूंमागचा पाऊस

मुळशी तालुक्यात गणित शिकवणाऱ्याला पाऊस टाळता येत नाही. पश्चिमेला ताम्हिणीचा घाटमाथा, पूर्वेला भूगाव ओलांडलं की चांदणी चौक आणि पुढे पुणं. मधलं अंतर रस्त्याने पन्नासेक किलोमीटर. माथ्यावर एका पावसाळ्यात पाच-सहा हजार मिलिमीटर सहज पडतो आणि पुणे शहराची वर्षाची सरासरी सातशेच्या आसपास आहे. एकाच तालुक्यात एका टोकाच्या मुलांना शाळेत येताना इरलं लागतं आणि दुसऱ्या टोकाची मुलं त्याच दिवशी मैदानावर कबड्डी खेळत असतात. इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी वीसेक वर्षं शिकवते आहे. आलेख, फल, घातांक हे धडे पुस्तकातल्या तयार आकड्यांवर शिकवण्यापेक्षा खोऱ्यातल्या आकड्यांवर शिकवावेत, असं सुरुवातीलाच वाटलं आणि त्यातून आम्ही नोंदवह्या गोळा करायला लागलो. वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांतले पर्जन्यमापक, ओढ्यावरची मोजपट्टी, दिनदर्शिकेतले सूर्योदय-सूर्यास्त. हे सगळं एक्सेलमध्ये भरायचं, तिथून जिओजेब्रा किंवा डेस्मॉसमध्ये न्यायचं आणि बिंदूंवर वक्र बसवायचा.

जिओजेब्रा २००१च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी सुरू केलं. डेस्मॉस त्यानंतर दहाएक वर्षांनी आलं. दोन्ही फुकट आहेत. आम्हाला त्याहून महत्त्वाचं हे, की एकदा मोबाईलवर किंवा संगणकावर घेतलं की नेटशिवाय चालतात. जुलैत मुळशीच्या आतल्या भागात वीज दोन-दोन दिवस नसते आणि रेंज तर डोंगराच्या कुशीप्रमाणे येते-जाते. दहावीच्या गणिताच्या पुस्तकात जिओजेब्राचं नाव मुलांनी वाचलेलं असतं, पण बहुतेकांनी ते उघडलेलं नसतं. उघडल्यावर चार बिंदू टाकून एक आज्ञा दिली की रेषा समोर येते, तेव्हा त्यांचे डोळे चमकतात. ती चमक मला मोलाची वाटते, आणि माझं काम तिथूनच सुरू होतं. रेषा येते कुठून आणि तिच्यावर विश्वास कधी ठेवायचा, हे शिकवायला बाकीचं वर्ष लागतं.

वेळ खातं ते आकडे आत आणणं. हे काम कोणी शिकवत नाही आणि कुठल्या अभ्यासक्रमात त्याला गुण नाहीत. एका शाळेच्या जुन्या नोंदी कोणीतरी मेहनतीने टाइप करून ठेवल्या होत्या, पण युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टात. आमच्या संगणकावर फाइल उघडली तर गावांच्या नावांच्या जागी अगम्य अक्षरांची माळ. आकडे बहुतेक शाबूत होते, पण कुठला स्तंभ कुठल्या वस्तीचा हे कळेना. शेवटी मूळ वही घेऊन बसलो, चार मुलं वाचणारी आणि दोन भरणारी. दुसऱ्या एका वहीची फाइल युनिकोडमध्ये होती, तिच्यात आकडे देवनागरीत. दिसायला सुंदर, पण आमच्या एक्सेलने ते मजकूर म्हणून घेतले. बेरीज मागितली तर शून्य. शून्य आलं म्हणून निदान लक्षात तरी आलं. खरा घात अर्धे आकडे देवनागरी आणि अर्धे इंग्रजी असले की होतो, कारण बेरजेची आज्ञा मजकूर गुपचूप वगळते आणि उरलेल्यांची बेरीज देते. पावसाळा निम्मा होतो आणि पडद्यावर कुठेही लाल खूण येत नाही. मुलांना मी यासाठी एक साधी सवय लावते. स्तंभ रुंद करायचा आणि बघायचं: जे सेलच्या डाव्या कडेला चिकटलेत ते मजकूर, जे उजव्या कडेला ते आकडे.

तारखांचं तसंच. वहीत ७/८ म्हणजे सात ऑगस्ट. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर तो आठ जुलै होतो. बारा तारखेपर्यंतचे दिवस असे इकडचे तिकडे जातात, तेरापासूनचे मजकूर म्हणून तसेच राहतात. आलेखावर याची खूण ओळखू येते: जुलैच्या ऐन धारेत मध्येच कोरडे दिवस, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या उन्हात अचानक दीडशे मिलिमीटर. शिवाय एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे एक क्रमांक असतो. २५ जुलै २०२४ हा दिवस तिथे ४५४९८ म्हणून बसलेला आहे. तो तसाच उचलून आडव्या अक्षावर नेला, तर वक्राचे सहगुणक असे विचित्र येतात की एखादा दशांश कमी लिहिला तरी उत्तर भरकटतं. आम्ही म्हणून एक जूनपासूनचा दिवस मोजतो. मग २५ जुलै हा पंचावन्नावा दिवस होतो. मुलांनाही तो आकडा हाताशी वाटतो.

पण या सगळ्या चुका यंत्राच्या आणि माणसाच्या बोलण्यातल्या गैरसमजाच्या आहेत. दुरुस्त होतात. त्याहून खोल आहे ती रिकाम्या सेलची गोष्ट. वहीत पाऊस नसेल तर ‘निरंक’ लिहितात, कोणी आडवी रेघ मारतं, कोणी काहीच लिहीत नाही. फाइल भरणारा सगळ्यांना शून्य करतो, कारण शून्य टाकलं की स्तंभ पूर्ण दिसतो. एका वस्तीच्या नोंदीत जुलैत चार-पाच शून्यं ओळीने आली होती. मी तिथे मापक बघणाऱ्या काकांना भेटायला गेले. ते म्हणाले, “मॅडम, त्या दिवसांत वढ्याला पानी होतं. शाळेकडं जायला वाटच नव्हती.” म्हणजे ज्या दिवशी सर्वांत जास्त पाऊस झाला, त्याच दिवशी आमच्या फाइलीत शून्य. आणि असं फक्त त्याच वस्तीवर नाही. इतरत्रही पावसाळ्यातले रिकामे दिवस पुष्कळदा मुसळधारेचे असू शकतात. त्यांना शून्य मानून बसवलेला वक्र कितीही गुळगुळीत असो, तो खोऱ्याबद्दल उलट गोष्ट सांगतो.

दुसरी अशीच खूण म्हणजे आकड्यांचं छत. एका मापकाच्या नोंदीत शंभरच्या आसपासचे आकडे पुन्हापुन्हा यायचे, त्यावर कधीच नाही. शेजारच्या वस्तीवर त्याच दिवशी दोनशेच्या वर. जुन्या धाटणीच्या सायमन्स पर्जन्यमापकातली बाटली पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस मावेल इतकीच असते. जोराचा पाऊस असेल तर दिवसातून तीन-चार वेळा ती रिकामी करून मोजायची आणि सकाळी साडेआठच्या शेवटच्या मोजणीत सगळं मिळवायचं, अशी पद्धत आहे. रात्री दोनला बाटली रिकामी करायला कोण जाणार? ती भरली आणि पुढचा पाऊस बाहेर सांडला. सॉफ्टवेअरला हे कळायचा मार्गच नाही. त्याच्या दृष्टीने शंभर म्हणजे शंभर.

साडेआठचाही एक पेच आहे. आपल्याकडे दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, म्हणजे पंचवीस तारखेला मोजलेलं पाणी बरंचसं चोवीसचं असतं. एक शाळा ते पंचवीस तारखेपुढे लिहायची, पलीकडची शाळा चोवीसपुढे. दोन्ही वह्या अगदी प्रामाणिक. पण एकीचा पाऊस आडव्या अक्षावर आणि दुसरीचा उभ्या अक्षावर घेतला की बिंदू नुसते विखुरलेले. आठ किलोमीटरवरच्या दोन गावांच्या पावसाचा एकमेकांशी काही संबंधच नाही असं दिसायचं. एका मुलीने एक स्तंभ एक सेल खाली सरकवला आणि सगळे बिंदू एका तिरप्या पट्ट्यात आले. तिने ते का केलं असं विचारलं तर म्हणाली, की तिची आई त्या दुसऱ्या शाळेत मापक बघते आणि आई कधीही आजची तारीख लिहीत नाही, कालची लिहिते. वर्गातल्या बाकी कोणालाही, मलासुद्धा, हे नुसता पडदा बघून सुचण्यासारखं नव्हतं.

वक्र बसवण्याच्या बाबतीत मी मुलांना पहिला वक्र पावसाचा देत नाही, सूर्याचा देते. पावसाच्या आकड्यांत गोंधळ फार. सूर्य चोख वागतो. दिनदर्शिकेतून दर दहाव्या दिवसाचे सूर्योदय आणि सूर्यास्त उतरवून घ्यायचे. इथेही आत आणतानाच एक गंमत घडते. आपल्याकडे वेळ टिंब देऊन लिहायची पद्धत आहे: ५.५८ म्हणजे पाच वाजून अठ्ठावन्न मिनिटं. सॉफ्टवेअर ते दशांश समजतं. ५.५९ नंतर एकदम ६.००, मधल्या चाळीस शतांशांच्या जागी काहीच नाही. आलेखाला जागोजाग तुटलेले कडे दिसतात. ते कडे कशाचे, हे मुलांनी स्वतः शोधायचं असा माझा नेम आहे. एखादा तास त्यात जातो. जाऊ द्यावा. मिनिटांना साठने भागून तासांत मिळवणं त्यानंतर त्यांना जन्मभर लक्षात राहतं.

मग सूर्यास्तातून सूर्योदय वजा करून दिवसाची लांबी काढायची आणि तिच्यावर ज्या-वक्र (साइन) बसवायचा. पुण्याच्या अक्षांशावर तो जवळजवळ निर्दोष बसतो: जूनअखेरीला सव्वातेरा तासांच्या आसपास, डिसेंबरात अकरा, आणि आवर्तन ३६५ दिवसांच्या अगदी जवळ. आम्ही त्याला वर्ष किती दिवसांचं असतं हे सांगितलेलंच नव्हतं, तरी तो आकडा बाहेर आला. शांत बसणारी मुलंही तेव्हा बोलायला लागतात. आणि त्यांच्याच उत्साहात कोणीतरी नुसत्या सूर्योदयावर तसाच वक्र बसवून बघतं. तो बसतो, पण नीट नाही. बिंदू कधी वर, कधी खाली, आणि तेही वाटेल तसे नाहीत, ठरावीक लाटेने.

माझ्या शिकवण्याला इथे एक वळण मिळालं. तोपर्यंत वक्र किती छान बसला याचा आकडा, आर स्क्वेअर, तेवढाच आम्ही बघत होतो. सूर्योदयाचाही तो उत्तम येत होता. पण डेस्मॉस प्रत्येक बिंदूचा वक्रापासूनचा फरक वेगळ्या स्तंभात देतो, जिओजेब्रातही तो आलेखावर काढता येतो. तो फरक काढला की दुसरंच चित्र उभं राहिलं: वर्षात दोन उंचवटे असलेली एक स्वच्छ लाट. ही चूक नव्हे, हे निसर्गाचं दुसरं वाक्य होतं. पृथ्वीचा अक्ष कललेला आणि कक्षा लंबवर्तुळाकार, त्यामुळे सूर्य रोज त्याच वेळी डोक्यावर येत नाही. पुण्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीला माध्यान्ह साधारण बारा वाजून अठरा मिनिटांनी होते, फेब्रुवारीच्या मध्याला बारा एकोणपन्नासला. म्हणून बावीस डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागला तरी सकाळ लगेच लवकर होत नाही. सूर्योदय जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उशिराच सरकत राहतो. वाढलेली सगळी मिनिटं संध्याकाळच्या वाट्याला जातात. एक मुलगा म्हणाला, “आजी म्हणते संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो. पहाटे उठून ती गोठ्यात जाते, तिला सकाळच दिसते.” पहाट ज्याच्या अंगावरून जाते त्याला संक्रांत हीच वळणाची वेळ वाटणार, आणि फरकांच्या आलेखात ते आजीचं निरीक्षण जसंच्या तसं उमटलेलं होतं. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे, की वक्र दाखवायचा असेल तर त्याच्याखाली फरकांचा आलेखही दाखवायचा. नुसता आर स्क्वेअर कोणी सांगितला तर मी पुढे ऐकत नाही.

याच्या उलट टोकाचं उदाहरण एका प्रशिक्षणात पाहिलं. महिनावार पावसाचे बारा आकडे, त्यांवर एक्सेलची सहाव्या घाताची ट्रेंडलाइन. एक्सेल त्याहून मोठा घात देत नाही, म्हणून सहावा. आर स्क्वेअर एकच्या अगदी जवळ, पडद्यावर वळणदार निळी रेघ, आणि टाळ्या. पण त्याच रेघेप्रमाणे हिवाळ्यात काही काळ पाऊस शून्याच्या खाली जात होता. उणे पाऊस म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा मांडणाऱ्याने मनापासून उत्तर शोधायचा प्रयत्न केला. तो हुशार होता. त्याला एवढंच कोणी सांगितलेलं नव्हतं, की वक्राचा आकार निवडणं हे विधान आहे. सहावा घात निवडला म्हणजे पाऊस सहाव्या घाताने वागतो असं आपण म्हटलं, आणि त्याला आधार काहीच नव्हता.

घाटाकडून पुण्याकडे येताना पाऊस कसा घटतो, हा आमच्याकडचा सर्वांत जुना प्रयोग. ताम्हिणी, मुळशी, पौड, पिरंगुट, भूगाव, पुणे. आडव्या अक्षावर अंतर, उभ्यावर हंगामाची बेरीज. पहिल्या वर्षीच्या मुलांनी एक्सेलमध्ये ‘लाइन’ प्रकारचा आलेख निवडला. त्यात गावं सारख्या अंतरावर बसतात, एक, दोन, तीन अशी. खरी किलोमीटरं नुसती खाली छापली जातात. ट्रेंडलाइनही त्या एक-दोन-तीनवरच बसते. ‘स्कॅटर’ निवडला की गावं आपापल्या जागी जातात आणि चित्र बदलतं: माथ्याजवळ पाऊस झपाट्याने कोसळतो आणि पौडनंतर हळूहळू उतरतो. सरळ रेषा बसवली तर पुण्याच्या पुढे लवकरच शून्याखाली जाते. घातांकी घट बसवली तर ती शून्याकडे झुकत जाते, म्हणजे दौंड-बारामतीकडे पाऊसच नाही असं म्हणते. तिकडे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, हे मुलांना ठाऊक असतं. काहींचे मामा तिकडचे आहेत. म्हणून घातांकी घटीत एक स्थिर राशी मिळवली. डोंगरामुळे पडणारा पाऊस अंतराबरोबर घटतो, आणि सगळ्या मुलखाला मिळणारा थोडा पाऊस तसाच राहतो. तयार आज्ञांच्या यादीत हा आकार नव्हता. जिओजेब्रात स्लायडर करून तो स्वतः मांडावा लागला, आणि स्लायडर आधी अंदाजाने जवळपास आणून ठेवावे लागले, नाहीतर सॉफ्टवेअर भलत्याच उत्तरावर जाऊन थांबायचं. त्या अंदाजासाठी गाव माहीत असावं लागतं. मुलांनी स्थिर राशी पाचशेवर ठेवली, बाकीचं यंत्राने केलं.

ओढ्यावरचा प्रयोग मात्र मला सर्वांत प्रिय आहे, कारण त्यात हात भिजतात. पत्र्याला काटकोनी खाच पाडायची, इंग्रजी व्ही अक्षरासारखी, आणि तो पत्रा ओढ्याच्या अरुंद जागी आडवा बसवायचा, कडांना मातीने लिंपून. सगळं पाणी खाचेतून पडतं. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची, आणि खाली बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते बघायचं. शास्त्र सांगतं, की प्रवाह उंचीच्या अडीचाव्या घाताप्रमाणे वाढतो: उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त. उंची दहा सेंटिमीटर असेल तर सेकंदाला चार-साडेचार लिटर. त्यापुढे बादली धरणं कठीण होतं.

एका वर्षीच्या गटाचा घात चारच्या वर आला. बिंदू तर वक्रावर नीट बसलेले. मुलांना वाटलं, आपल्या ओढ्याचा नियम वेगळा असेल. मी काही न सांगता डेस्मॉसमध्ये उंचीतून एक अज्ञात राशी वजा करायला लावली आणि पुन्हा वक्र बसवायला सांगितलं. घात अडीचच्या जवळ आला, आणि ती अज्ञात राशी चार सेंटिमीटरच्या आसपास. आता हे चार सेंटिमीटर कुठे आहेत ते शोधा, म्हटलं. सगळे पावसातून ओढ्यावर गेले. मोजपट्टी ओढ्याच्या तळावर टेकवलेली होती आणि खाचेचं टोक तळापासून बरोबर तेवढंच वर होतं. वर्गात बसून सॉफ्टवेअरने सांगितलेली लांबी दगडामातीत हाताने मोजून मिळाली, यासारखा आनंद मी शिकवण्यात दुसरा अनुभवलेला नाही.

त्याच आकड्यांनी आणखी एक प्रश्न समोर आणला. एक्सेलच्या ट्रेंडलाइनचा घात आणि डेस्मॉसचा घात सारखा येत नव्हता. आकडे तेच, सूत्र तेच. कारण एक्सेल घाताचा वक्र बसवताना दोन्ही बाजूंचा लॉगरिदम घेऊन सरळ रेषा बसवतं. डेस्मॉसमध्ये लॉगचा पर्याय निवडता येतो किंवा सोडता येतो. लॉग घेतला की प्रत्येक बिंदूची चूक टक्केवारीत मोजली जाते, ओंजळभर धारेला आणि भरल्या ओढ्याला सारखं वजन. न घेतला की मोठ्या प्रवाहांचे बिंदू वक्र आपल्याकडे ओढून घेतात. मग योग्य कुठलं? हे बादली धरणाऱ्याला विचारायचं. मोठ्या प्रवाहात पंधरा लिटरची बादली तीन-चार सेकंदांत भरते, घड्याळ दाबायला पाव सेकंद उशीर झाला तरी बरीच चूक. म्हणजे ज्या बिंदूंना जास्त वजन मिळणार तेच आपले सर्वांत कच्चे. उलट बारीक धारेत वेळ अचूक मिळते, पण तीन सेंटिमीटरच्या उंचीत दोन मिलिमीटर चुकले की घाताने ती चूक फुगते. आम्ही लॉग निवडतो आणि का निवडला ते वहीत लिहितो. मेनूत दोन पर्याय आहेत म्हणून दोन्ही सारखेच बरोबर, असं नसतं.

चुकांचे वर्ग करून त्यांची बेरीज कमीत कमी ठेवायची, ही या सगळ्यामागची युक्ती दोनशे वर्षांहून जुनी आहे. लजांद्रने ती १८०५मध्ये धूमकेतूंच्या कक्षांवरच्या पुस्तकात छापली. गाउसने १८०९मध्ये प्रसिद्ध केली, आणि आपण ती आधीपासून वापरत होतो असं म्हटलं. १८०१च्या पहिल्या दिवशी पियाझीला सापडलेला आणि काही आठवड्यांत सूर्याच्या उजेडात हरवलेला सेरेस हा लघुग्रह गाउसच्या गणितामुळे वर्षअखेरीला पुन्हा दिसला. वर्गांमुळे एक गोष्ट घडते: दूरचा एकच बिंदू साऱ्या वक्राला हलवू शकतो. २५ जुलै २०२४च्या सकाळी ताम्हिणीला चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. एका सहकाऱ्यांनी तो आकडा बघून म्हटलं, टिंब राहिलंय, ५५.६ असणार, काढून टाका. काढला की वक्र सुबक होत होता. पण त्याच सकाळी लवासाला साडेचारशेच्या वर होतं, पुण्यात शिवाजीनगरला ११४ आणि सिंहगड रस्त्यावरच्या घरांत पाणी शिरलं होतं. शेजारचे आकडे, रस्त्यावरचं पाणी, आमच्या मुलांच्या घरांसमोरच्या कोसळलेल्या दरडी, सगळे त्या बिंदूच्या बाजूने साक्ष देत होते. आम्ही तो ठेवला. विचित्र दिसतो म्हणून बिंदू काढायचा नाही. काढायचाच असेल तर तिथे जाऊन कारण आणायचं.

ही शिस्त मी इतक्या आग्रहाने का धरते, याचं एक कारण या खोऱ्याच्या इतिहासात आहे. मुळा नदीवरचं मुळशी धरण टाटांनी भिऱ्याच्या वीजकेंद्रासाठी बांधलं. इथलं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणात उतरतं. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ला शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला, त्याचं नेतृत्व करणाऱ्या पांडुरंग महादेव बापटांना लोकांनी सेनापती म्हटलं. धरण १९२७ला पुरं झालं. पाण्याची पातळी किती चढली की किती जमीन झाकली जाईल, हाही एक वक्रच आहे. तो कागदावर कोणीतरी काढला आणि त्या रेषेखाली कोणाची भातखाचरं आली, कोणाची देवळं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या पणजीचं माहेर त्या पाण्याखाली आहे. आजही पावसाळ्यात धरणांच्या विसर्गाचे निरोप आमच्या मोबाईलवर येतात, इतके हजार क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लिटरहून थोडं जास्त. तो आकडा कोणी बादलीने मोजलेला नसतो. सांडव्यावरची पाण्याची उंची किंवा दरवाजा किती उघडला ते वाचतात आणि सूत्रातून प्रवाह काढतात. आमच्या खाचेचा अडीचावा घात, सपाट सांडव्याचा दीड. नदीकाठची माणसं गुरं हलवायची की नाही हे अशा एका वक्रावर ठरवतात, आणि वक्र बसवताना ज्या उंचीपर्यंत मोजमाप झालं होतं त्याच्या वरचं पाणी आलं, तर तो फक्त अंदाज असतो. आमच्या खाचेवरून जुलैत पाणी पत्र्याच्या वरून वाहायला लागलं की मुलं स्वतःहून मोजणं थांबवतात. हा वक्र इथपर्यंतच, असं त्यांनी पत्र्यावरच रंगाने आखून ठेवलं आहे.

सध्या आमच्या नोंदवहीत पावसाच्या स्तंभाशेजारी आणखी तीन स्तंभ आहेत: कोणी मोजलं, किती वाजता, आणि बाटली भरून वाहिली होती का. फाइलीत रिकामा दिवस रिकामाच राहतो. घाट ते पुणे या वक्राच्या फरकांत एका वस्तीचा बिंदू दरवर्षी वर राहतो, थोडासा पण नेहमी. मुलांचं म्हणणं, तिथली खिंड वारा अडवते. मला वाटतं, मापक झाडाच्या फांद्यांखाली आहे आणि पानांवरचं पाणी त्यात गळतं. जूनच्या आधी त्याच वस्तीवर मोकळ्या खाचरात दुसरा मापक बसवायचा आहे. जागा पाहून ठेवली आहे, खाचराच्या मालकांनी होकार दिला आहे, आणि रोज साडेआठला कोण जाणार यावरून दोन मुलींचं सध्या भांडण चालू आहे.